पिंपांच्या पलीकडची खोली

राऊटर घ्यायला मी नवी पेठेत गेले, तेव्हा दुकानदारानं घर केवढं आणि भिंती कसल्या एवढं विचारलं. मी सांगितलं, घर लांबट आहे, भिंती जुन्या दगडाच्या आहेत आणि ज्यांच्यासाठी न्यायचाय ते माझे वडील मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेत. त्यानं मान डोलावली आणि दोन खोकी पुढ्यात ठेवली. एकाला दोन शिंगं होती, एकाला चार. दगडी भिंती असतील तर चार शिंगांचाच न्या, म्हणाला. मी चार शिंगांचा घेतला. घरात पाणी कुठं भरून ठेवता, हे त्यानं विचारलं नाही. तो सोलापूरचाच, त्याच्याही घरात पिंपं असणारच. पण आपल्या घरातली पिंपं आपल्याला कुठं दिसतात? मलाही ती दिसत नव्हती, आणि मी तर शाळेत विज्ञान शिकवते.

आमचं घर म्हणजे पुढची खोली, मग एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. बोळात एका रांगेत निळी पिंपं, त्यांच्यावर फळी आणि फळीवर स्टीलच्या टाक्या. येताजाता अंग आडवं करून जावं लागायचं. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आमच्याकडे सोमवार-मंगळवारापेक्षा पाण्याचा दिवस मोठा. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी पाहुण्यांना बोलावत नाही. घरातलं प्रत्येक माणूस घरात असतं, आणि पिंपं काठोकाठ भरली की आईच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते तिला सणालाही होत नाही.

आप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. न्हाणीघर मागं, म्हणून त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली. जीभ थोडी जड झाली होती, पण बोललेलं कळायचं, आणि डोकं तर आधीपेक्षा तल्लख. मोबाईलला त्या खोलीत रेंजची एक दांडीही यायची नाही. डॉक्टरांशी बोलायचं तर मी गल्लीत जाऊन उभी राहायची. पण राऊटर मी डॉक्टरांसाठी आणला नव्हता. तो धाकट्यासाठी आणला होता.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो मस्कतला असतो. त्यानं परधर्मातल्या मुलीशी लग्न केलं तेव्हा आप्पांनी त्याला पुढच्या खोलीत उभं करून विचारलं होतं, "तिला सोडतोस का?" तो गप्प राहिला. आप्पा म्हणाले, "कळलं." त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही, आणि तो उंबऱ्याच्या आत आला नाही. आईशी गल्लीतल्या फोनवर बोलायचा. दोघंही एकाच मातीचे. मी बोलवीन तेव्हा येईल, असं आप्पांचं. बोलावल्याशिवाय येणार नाही, असं त्याचं. मध्ये आई झिजत होती, आणि मी दोघांवर चिडत होते.

आप्पांचं ते ‘कळलं’ होटगीहून आलेलं. त्यांची सगळी नोकरी होटगी स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. जेवताना ते आम्हाला सांगायचे: गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनला विचारायचं. तिकडून होकार आला तर गाडी निघणार. होकार आला नाही तर गाडी जागची हलणार नाही. मग आत कलेक्टर बसलेला असो नाहीतर नवरदेव. उत्तर का आलं नाही, तिकडचा माणूस झोपला की मेला, हे बघणं आपलं काम नव्हे. उत्तर न्हाय म्हणजे न्हाय. हाच कायदा त्यांनी घरात आणला. सहलीला जाऊ का, असं विचारलं आणि आप्पा गप्प राहिले, की आम्ही दप्तर ठेवून द्यायचो. दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नव्हती. मला हा कायदा लहानपणी फार रुबाबदार वाटायचा. मोठेपणी त्याचा राग आला, पण तोवर तो आम्हा दोघांच्या हाडात उतरला होता.

राऊटर कुठं बसवायचा यावर घरात खल झाला. मी म्हटलं मागच्या खोलीतच, आप्पांच्या उशाशी, म्हणजे प्रश्नच मिटला. केबलवाल्यांचा माणूस वायर घेऊन बोळात शिरला, तर आप्पांनीच अडवलं. जन्मभर दिव्यांकडे बघून डोळं शिजलं, आता मरतानाबी डोळ्यासमोर बारीक दिवा लुकलुकायला नको, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला. आई म्हणाली, राहू दे, पुढं बसव, देवाच्या फळीशेजारी. मग वायर पुढच्या खोलीच्या खिडकीतून आत घेतली, जेवढी लागेल तेवढी ठेवून बाकीची कापली, आणि राऊटर फळीशेजारी खिळ्याला लटकला. आईनं दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर एक नॅपकिन पांघरला. आमच्या घरात टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांच्या अंगावर कापड असतं, मग यानं काय पाप केलंय, म्हणाली.

केबलवाल्यांच्या माणसानं जायच्या आधी मागच्या खोलीत उभं राहून नेट चालवून दाखवलं. उत्तम चालत होतं. एक कीर्तन लावलं, ते कुठंही न अडखळता चाललं, आणि आप्पा बुवांच्या गळ्याची चिकित्सा करायला लागले. तो पाण्याच्या दिवसाचा आदला दिवस होता. पिंपं तळाला गेलेली, टाक्या कोरड्या. मी हे आज सांगतेय. त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की आता आप्पांना राजी करायचं.

राजी करायला मला फार बोलावं लागलं नाही, हीच गोष्ट मला नंतर छळत राहिली. मी तयारी करून बसले होते, भांडायची, रडायची, आईची शपथ घालायची. एका सकाळी तोंड पुसून घेताना तेच म्हणाले, ते मशीन आणलंय ते कशासाठी आणलंय मला कळतंय, मी काय येडा न्हाय. मग जरा वेळानं म्हणाले, "लाव त्याला. मी इचारतो."

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. कधी लावायचा, यावर ती म्हणाली पाण्याच्या दिवशी, त्या दिवशी आपण सगळे घरात असतो, पाणी भरून झालं की निवांत बसून बोलू. चांगल्या कामाला चांगला दिवस, असं तिला वाटलं. मलाही पटलं. मी धाकट्याला कळवलं. त्यानं रजा टाकली.

पाणी आलं. आम्ही दोघींनी पिंपं भरली, टाक्या भरल्या, हंडे भरले, आईनं अगदी फुलपात्रंसुद्धा भरून ठेवली. मग तिनं आप्पांना धुतलेला शर्ट घातला. मी खाटेजवळ स्टूल ठेवलं, त्यावर फोन उभा केला आणि लावला.

धाकटा दिसला. केस पांढरे झालेले. आप्पांनी त्याला एवढ्या वर्षांनी पाहिलं आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर हलायला लागली. तो ‘आप्पा’ म्हणाला, तेवढं स्पष्ट आलं. आप्पांनी घसा खाकरला. जन्मात त्यांनी कुणाला कशासाठी विनवलं नव्हतं. विनवायचं कसं ते त्यांना माहीतही नव्हतं. त्यांनी केबिनमधल्यासारखं सरळ विचारलं.

"येतोस का?"

आणि चित्र थांबलं. धाकट्याचं तोंड अर्धवट उघडं, नजर खाली वळलेली. आप्पा बघत होते. मी फोन हलवला नाही, वाटलं आत्ता सुटेल. आप्पा वाट बघत होते आणि तो खाली बघून गप्प होता, थेट त्या दिवशी पुढच्या खोलीत उभा होता तसा. मग एक चकती गरगर फिरली आणि पडदा काळा झाला.

"ठेव," आप्पा म्हणाले. "कळलं."

मी सांगितलं की आप्पा, नेट गेलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याला ऐकूच गेलं नाही, तो बोलत असेल, आपल्याला दिसलं नाही. मी गल्लीत धावत गेले, तिथून त्याला फोन लावला. तो रडत होता. त्याला आप्पांचं फक्त खाकरणं ऐकू आलं होतं. पुढं काही नाही. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं तोंड बघितलं आणि बंद करायला लावलं. मी त्याला प्रश्न सांगितला. तो म्हणाला, येतो म्हणून सांग, आत्ता सांग. मी आत जाऊन सांगितलं. आप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. ते म्हणाले, "नेटाचं तुला म्हाईत. मी समोर इचारलं. समोरून उत्तर आलं न्हाय. आता गल्लीतनं आणलेलं उत्तर मला नको."

मी त्यांच्यावर ओरडले. अर्धांग झालेल्या माणसावर ओरडले, आणि आजही मला ते चुकलं असं वाटत नाही. ते म्हणाले, ओरडू नको, औषधाची येळ झाली. धाकट्याला मी म्हटलं, तू सरळ विमानात बस आणि ये. तो म्हणाला, त्यांना पुन्हा विचारू दे, अक्का. तोही त्याच कायद्यात वाढलेला. बाहेरच्या माणसाला हा शुद्ध मूर्खपणा वाटेल. वाटू दे.

त्यानंतर मी त्या राऊटरच्या हात धुऊन मागं लागले. शिंगं उभी केली, आडवी केली. नॅपकिन काढला, त्यावर आई रुसली. केबलवाल्यांना फोन केले की वायर वाढवून हवी, राऊटर मागं न्यायचाय. माणूस उद्या येतो म्हणायचा, आणि त्यांचा उद्या कधी उगवायचा नाही. गंमत म्हणजे मधल्या दिवसांत मागच्या खोलीत नेट हळूहळू सुधारायचं, कीर्तन नीट चालायला लागायचं, आणि मला वाटायचं की झालं, बरं झालं. मग पुन्हा एके सकाळी ठप्प.

यामागचं कारण आईच्या तोंडून निघालं. भाजी निवडत बसली होती, सहज म्हणाली, "पाणी आलं की तुझं हे रुसतंय बघ. पाणी सपलं की गुमान चालतंय." मी तिला हसले. म्हटलं, त्याला काय तहान लागते काय? हसता हसता माझं हसू थांबलं. मी बोळात गेले आणि ती रांग पाहिली. जमिनीपासून फळीपर्यंत पिंपं, फळीपासून छतापर्यंत टाक्या. दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती, त्यातून काही जायचं नाही. जे काही मागं पोचत होतं ते या बोळातून. आणि पाण्याच्या दिवशी हा बोळ आम्ही पाण्यानं गच्च बुजवत होतो. पाणी लहरी शोषून घेतं, हे पुस्तकात होतं. ते आमच्या बोळातही होतं, पण मी तिथून फक्त अंग आडवं करून जात होते.

मी धाकट्याला फोनवर हे सांगितलं, मग आप्पांना समजावलं. फोन घेऊन गेले, पिंपं रिकामी झाल्यावर लावून दाखवते म्हटलं. ते छताकडं बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, एकदा न्हाय आलं की मी दुसऱ्यांदा इचारत नसतो, तुला म्हाईत हाय. एवढं बोलून डोळे मिटले.

नंतरच्या दिवसांत त्यांचं जेवण तुटलं. आधी भाकरीचा काला गेला, मग पेज गेली. डॉक्टर घरी आले, मला गल्लीत घेऊन गेले आणि म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा. मी धाकट्याला सांगितलं. तो पार हबकला. म्हणाला, एकदा लावून दे, या वेळी मीच विचारतो. मला विचारू दे, अक्का. त्यांनी व्हय म्हटलं की मिळेल त्या विमानानं निघतो.

तो पाण्याचाच दिवस होता. नुकतंच सगळं भरून झालं होतं, आई पदराला हात पुसत होती. मी बोळात उभी राहून पिंपांकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. भरलेलं पिंप हलत नाही, ढकलून बघा कधी. मी पाइप घेतला, पिंपात सोडला, दुसरं टोक मोरीत धरलं. मला वाटलं ती हात धरेल. ही बाई तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते, तुळशीतून ठिपकलेलं वाटीत धरते. तिनं माझा हात धरला नाही. तिनं पिण्याचे दोन हंडे बाजूला काढले आणि टाक्या उतरवायला मला हात लावला.

पाणी मोरीतून गल्लीतल्या गटारीत गेलं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, काय हो, येड लागलं का, पाणी सोडताय? आई म्हणाली, न्या, बादल्या आणा, न्या. पण त्या दिवशी कुणाला नको होतं. सगळ्यांची पिंपं भरलेली होती. ते स्वच्छ पाणी सगळ्यांच्या देखत वाहत गेलं आणि आई दारात उभी राहून त्याच्याकडं बघत राहिली. मला रडू आलं ते तिथं आलं, नंतर नाही आलं.

आप्पांनी आवाज ऐकला असणार. मी आत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "पाणी सोडलं का काय?" क्षीण, पण शब्द नीट होते. मी म्हटलं, व्हय आप्पा, तुमचा मुलगा बोलणार हाय.  आईनं त्यांचं डोकं उशीवर जरा वर घेतलं. मी स्टूल ठेवलं, फोन लावला.

असं स्वच्छ चित्र मी त्या फोनवर कधी पाहिलं नव्हतं. धाकट्याच्या मागच्या खिडकीतलं ऊन दिसत होतं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, ते दिसत होतं. आप्पांचे डोळे उघडे होते आणि ते त्याच्याकडंच बघत होते. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

तो म्हणाला, "आप्पा, मी येऊ का?"

आप्पा बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ओठ मिटलेले. श्वास चालू होता, चादर खालीवर होत होती. उजवा हात, चांगला हात, चादरीवर पडून होता आणि त्याचं एक बोटही हललं नाही. त्यांना बोलता येत नव्हतं की बोलायचं नव्हतं? आत्ताच तर पाण्याचं विचारलं होतं. मी मनात म्हणत होते, व्हय म्हणा, आप्पा, नुसती मान हलवा, पापणी हलवा, मी सांगते त्याला पुढचं. धाकटा वाट बघत होता. आमच्या घरातल्या गप्प बसण्याचा अर्थ काय, हे त्याला सांगायला नको होतं. त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरत चालला होता, आणि मध्ये एक थेंब पाणी नव्हतं.

मग त्याची नजर माझ्याकडं वळली. त्यानं विचारलं, "अक्का, नेट गेलं काय गं?"

"व्हय," मी म्हटलं. "अडकलंय बघ. मला तू दिसंनास." आणि बोट ठेवून फोन कापला.

आप्पांच्या डोक्यामागं दोरीवर टॉवेल वाळत होता. पंख्याच्या वाऱ्यानं तो सारखा हलत होता. फोन कापल्यावर माझ्या ते ध्यानात आलं. धाकट्याला तो हलताना दिसला होता की नाही, चित्र अडकलं नव्हतं हे त्याला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.  आईनं आप्पांची उशी पुन्हा खाली केली. दुसऱ्या दिवशी दिवस वर यायच्या आधी आप्पा गेले.

धाकटा आला, पण सावडण्याला पोचला. इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडला तेव्हा अडवायला कुणी नव्हतं. तोवर आम्ही टँकर मागवला होता आणि पिंपं पुन्हा भरलेली होती, कारण माणूस गेलं म्हणून पाणी भरायचं राहत नाही, उलट जास्तच लागतं. तो बोळात थांबला. एका पिंपावर हात ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिला. चुलते, मामा सगळे बसलेले होते. त्यांना ऐकू जाईल असं, पण बघत आईकडं, तो म्हणाला, "आप्पा व्हय म्हणणारच हुते. या पाण्यानं घात केला. त्या दिवशीबी भरलेली असतील की पिंपं?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

"व्हय रं," ती म्हणाली. "पाण्याचाच दिवस हुता त्यो."